धाव किती रुंद असावी?

मराठीच्या मास्तराने मोटारीच्या टायरवर लिहावे, हे पाहून काही वाचकांच्या भुवया वर जातील. जाऊ द्यात. दिवाळीचा अंक आहे. फराळाच्या ताटात एखादी चकली वेगळ्या भाजणीची निघाली, तर कोणी ताटावरून उठत नाही. शिवाय विषय वाटतो तितका परका नाही. रबर परके आहे, चाक आपलेच आहे. बैलगाडीच्या लाकडी चाकावर जी लोखंडी पट्टी बसवतात तिला आपल्या सुतार-लोहारांनी फार सुंदर नाव दिले आहे : 'धाव'. ही धाव भट्टीत लाल होईपर्यंत तापवायची, ती फुगली की चाकावर चढवायची आणि वरून पाणी ओतायचे. लोखंड आकसते आणि आरे, पुठ्ठे, तुंबा सगळ्यांना करकचून आवळून धरते. त्या धावेने मऊ रस्त्यावर वर्षानुवर्षे कापलेली जी खाच, तिचे नाव चाकोरी. आज आपण 'चाकोरीबाहेरचे जीवन' वगैरे मोठमोठ्या गोष्टी बोलतो, तेव्हा बोलत असतो खरे म्हणजे चाकाच्या रुंदीविषयी! धाव अरुंद होती, म्हणून चाकोरी पडली.

हा वादही जुनाच आहे. इंग्लंडात १७५३ साली पार्लमेंटने कायदा केला, की टोलाच्या रस्त्यांवरून जाणाऱ्या जड मालगाड्यांची चाके नऊ इंच रुंद असली पाहिजेत. अरुंद चाक रस्ता कापते, रुंद चाक रस्ता दाबते, असा त्यामागचा विचार. विचार रस्त्याच्या बाजूने बरोबर होता. गाडी ओढणाऱ्या घोड्यांना मात्र कोणी विचारले नव्हते. पुढे १८४५ साली रॉबर्ट थॉमसन याने हवा भरलेल्या टायरचे पेटंट घेतले, ते लोक विसरून गेले आणि १८८८ साली जॉन बॉइड डनलॉप याने तीच गोष्ट पुन्हा शोधून काढून जगाच्या गळी उतरवली. आपल्याकडे उसाच्या पट्ट्यात रबरी चाकांच्या बैलगाडीला अजूनही 'डनलॉप गाडी' म्हणतात. माणसाचे आडनाव गाडीला चिकटले आणि बैलांचे ओझे हलके झाले. यापेक्षा चांगले स्मारक कोणाला मिळणार?

ही सगळी प्रस्तावना एका पत्रासाठी. सह्याद्रीच्या उतारावरच्या एका तालुक्यात दवाखाना चालवणाऱ्या डॉक्टरांनी ते या सदराच्या पत्त्यावर धाडले आहे. वाड्या-वस्त्यांवर जावे लागते म्हणून त्यांनी चारही चाकांना जोर मिळणारी छोटी गाडी घेतली, जिम्नी. गाडीवर ते खूष आहेत. पण दवाखान्यासमोर ती उभी राहिली की येणारा-जाणारा चाकांकडे बघून म्हणतो, "डॉक्टरसाहेब, ही काय सायकलची चाकं लावलीत?" टायरच्या दुकानदारानेही सांगितले की १९५ काढून २३५ टाका, गाडीला रुबाब येईल. डॉक्टर लिहितात : "रुबाबाचे मला काही नाही. पण रात्री बाळंतपणाची बाई मागच्या सीटवर असताना पावसात गाडी अडकली, तर मी काय करू? रुंद टायरने ती भीती जाणार असेल, तर पैशाचा प्रश्न नाही."

प्रश्न असा विचारला म्हणजे तो टायरचा राहत नाही, माणसाचा होतो. तेव्हा जरा सावकाश आणि मुळापासून बोलू.

प्रथम त्या आकड्यांचा अर्थ लावू. टायरच्या कुशीवर लिहिलेले असते : १९५/८० आर १५. जुन्या सूत्रकारांनी हेवा करावा इतके हे त्रोटक सूत्र आहे, आणि गंमत म्हणजे एका ओळीत मोजमापाच्या तीन तऱ्हा आहेत. १९५ म्हणजे टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. ८० म्हणजे टायरच्या कुशीची उंची, रुंदीच्या शेकडा ८०. आर म्हणजे रेडियल, आणि १५ म्हणजे रिमचा व्यास, इंचांत. त्यापुढे ९६ एस असे असले, तर तो टायर ७१० किलो भार सोसतो आणि ताशी १८० किलोमीटरपर्यंतच्या वेगासाठी केलेला आहे, असे समजावे. एकूण चाकाचा व्यास काढायचा तर १९५चे शेकडा ८० म्हणजे १५६. ते वर आणि खाली दोनदा, अधिक रिमचे ३८१. झाले ६९३ मिलिमीटर. हा आकडा लक्षात असू द्यावा. पुढे त्याचे काम पडणार आहे.

आता मुख्य मुद्दा. लोकांची पक्की समजूत अशी असते, की टायर रुंद म्हणजे जमिनीला टेकणारा भाग मोठा आणि भाग मोठा म्हणजे पकड मोठी. यातला पहिला अर्धाच तपासून पाहू. गाडीचे वजन टायर उचलत नाही, टायरमधली हवा उचलते. जिम्नीचे स्वतःचे वजन सुमारे १२०० किलो. त्यात डॉक्टर, रुग्ण, सोबतचे माणूस आणि औषधांची पेटी मिळून दोनशे धरले, तर १४०० किलो. एका चाकावर ३५०. टायरमध्ये २८ पाउंड हवा असली, तर ती दर चौरस सेंटिमीटरला साधारण दोन किलो भार पेलते. म्हणजे ३५० किलो पेलायला १७५ चौरस सेंटिमीटर जागा लागणार. पोस्टकार्डापेक्षा जरा मोठी. चार चाकांची मिळून चार पोस्टकार्डे. एवढ्यावर आपला सगळा संसार ताशी ऐंशीने धावत असतो!

आता टायर १९५चा घ्या किंवा २३५चा घ्या; वजन तेच, हवा तीच, तर जागाही जवळजवळ तीच. टायरच्या कुशीचा ताठरपणा थोडा भार घेतो म्हणून हिशेब अगदी काटेकोर येत नाही, पण ठोकळमानाने खरा आहे. बदलतो तो त्या पोस्टकार्डाचा आकार. अरुंद टायरखाली ते लांबट पडते, पंधरा सेंटिमीटर रुंद आणि बारा लांब. रुंद टायरखाली ते आडवे होते, साडेअठरा रुंद आणि साडेनऊ लांब. म्हणजे दुकानात जादा पैसे मोजून आपण पोस्टकार्ड मोठे करून आणत नाही, नुसते फिरवून आणतो.

मग पोस्टकार्ड मोठे करायचे कसे? हवा काढून. २८ची १४ पाउंड केली, की दर चौरस सेंटिमीटरला एकच किलो भार पेलला जातो आणि जागा दुप्पट होते. तीही लांबीच्या दिशेने वाढते. बाराची तेवीस सेंटिमीटर. रणगाड्याचा पट्टा जसा लांब, तसा टायर जमिनीवर लांब पसरतो. जी गोष्ट रुंद टायरने होईल अशी आशा आपण धरतो, ती बहुतेक वेळा व्हॉल्व्हची पिन दाबून फुकट होते.

हे शहाणपण मी काढलेले नाही. राल्फ बॅगनोल्ड नावाचा इंग्रज लष्करी अधिकारी १९२०-३०च्या दशकांत साध्या मोटारी घेऊन ईजिप्त-लिबियाच्या वाळवंटात फिरला. तिथे तो टायरमधली हवा कमी करून आणि रुतलेल्या चाकाखाली लोखंडी पन्हळी पट्ट्या सरकवून, ज्या टेकड्या दुर्लंघ्य मानल्या जात त्या ओलांडत असे. पुढे १९४१ साली त्याने वाळूच्या वर्तनावर जो ग्रंथ लिहिला, तो आजही त्या शास्त्राचा पाया मानतात. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकनांनी डक नावाचा पाण्यात आणि जमिनीवर दोन्हीकडे चालणारा ट्रक केला. त्यात चालकाला बसल्या जागेवरून टायरची हवा कमीजास्त करता येई : किनाऱ्याच्या वाळूवर कमी, पुढे पक्क्या रस्त्यावर जास्त. टायर तेच. बदलायची ती फक्त हवा.

तरीही जमीन सगळीकडे सारखी नसते, आणि खरा प्रश्न तिथेच आहे. उंटाला पसरट तळवे आहेत आणि खेचराला टणक अरुंद खूर आहेत. दोघांपैकी कोण शहाणा, असे विचारण्यात अर्थ नाही. उंटाला वाळूवर तरंगायचे असते, खेचराला दगडावर पाय रोवायचा असतो. टायरचेही तेच. काही जमिनीवर तरंगावे लागते, काहींवर वरचा थर कापून खाली टेकावे लागते.

आपल्या कोकणात आणि घाटमाथ्यावर पावसाळी कच्च्या रस्त्याचे रूप बहुधा असे असते : वर चार बोटे तांबडा राडा आणि खाली जांभ्याचा किंवा मुरुमाचा टणक थर. इथे अरुंद टायर सुरीसारखा राडा कापतो आणि खालच्या थरावर टेकतो. पकड तिथून मिळते. रुंद टायर त्याच राड्यावर साबणावर पाय पडावा तसा वरच्या वर सरकतो, आणि उतारावर असा सरकू लागलेला टायर दरीच्या बाजूला जातो की डोंगराच्या, हे तो आपल्याला विचारत नाही. शिवाय रुंद टायरला समोरचा चिखल बाजूला सारायचा असतो. जितका रुंद, तितका जास्त चिखल आणि तितका इंजिनावर ताण. जड मोठ्या गाडीला हे परवडते. लहान इंजिनाच्या हलक्या गाडीला नाही. मोठी गाडी निदान आपल्या वजनाने रुंद टायर खाली दाबते. हलकी गाडी तेवढेही करू शकत नाही. म्हणून रुंद टायरचा तोटा छोट्या गाडीला अधिक होतो, आणि नेमका मोहही तिच्याच मालकाला अधिक होतो!

देशावरची आणि विदर्भ-मराठवाड्याची काळी रेगड ही गोष्ट निराळी. उन्हाळ्यात तिला हात-हात खोल भेगा पडतात, पावसात ती फुगून लोण्यासारखी होते आणि टायरच्या नक्षीत अशी भरते की टायर हा टायर न राहता मातीचा लाडू होतो. तिला जवळपास टणक तळच नसतो, त्यामुळे अरुंद टायर कापत कापत खाली जातो. म्हणून रुंद लावावा, तर तो जास्त माती गोळा करून मडगार्डमध्ये ठासतो. ओल्या रेगडीवर खरी मदत होते ती रुंदीची नव्हे, तर माती झटकून टाकणाऱ्या मोकळ्या, खोल नक्षीची. आणि त्याहूनही जास्त मदत होते ती पाऊस थांबून चार तास ऊन पडण्याची.

ज्यांना हे पुस्तकी वाटेल, त्यांनी गावातला कोणताही साधा ट्रॅक्टर पाहावा. दोन्ही उत्तरे त्याच्या अंगावरच आहेत. मागे १३.६-२८ मापाचे, म्हणजे साडेतेरा इंचांहून रुंद टायर. कारण ती चाके ओढतात आणि त्यांना नांगरलेल्या मऊ जमिनीत बुडून चालत नाही. पुढे ६.००-१६, म्हणजे अवघे सहा इंच रुंद. कारण ती चाके वळवतात आणि त्यांना मातीत दात रोवून दिशा धरावी लागते. शेतकऱ्याने ही चाके रुबाबासाठी निवडलेली नाहीत.

आणि हे ६.००-१६ माप कुठून ओळखीचे वाटते? दुसऱ्या महायुद्धातल्या विलिस जीपचे तेच माप. सुमारे अकराशे किलोची ती गाडी सहा इंची टायरांवर आफ्रिकेची वाळू, इटलीचा चिखल आणि ब्रह्मदेशातले जंगल पार करून गेली. १९४९ साली मुंबईत माझगावला विलिस जीपची जुळणी सुरू झाली, आणि पुढची कित्येक वर्षे मामलेदार, इंजिनियर, डॉक्टर आणि निवडणुकीचे उमेदवार याच जीपमधून आपल्या खेड्यापाड्यांत पोहोचले. तेव्हा कोणी तिला सायकलची चाके म्हटल्याचे ऐकिवात नाही. जिम्नीचे घराणेही याच वळणाचे. जपानमध्ये १९७० साली ती ३५९ सीसीच्या इवल्या इंजिनावर सुरू झाली. आपल्याकडे तिचे भावंड १९८५ साली 'जिप्सी' नावाने आले आणि २०१९ साली सामान्य ग्राहकांसाठी बंद झाले. २०२३ साली पाच दारांची जिम्नी आली. जपानमध्ये ६६० सीसीची जी जिम्नी विकली जाते, तिला तर १७५ रुंदीचे टायर असतात. बर्फात, डोंगरात, जंगलाच्या वाटांवर ती त्यांच्यावरच चालते. पन्नास वर्षांहून अधिक काळ हलक्या गाड्या करणाऱ्या माणसांनी टायर अरुंद ठेवला, तो चार पैसे वाचवण्यासाठीच ठेवला असे म्हणणे फारच धाडसाचे होईल.

रुंद टायर जिंकतो कुठे, हेही सांगितले पाहिजे. नाहीतर हा लेख एकतर्फी वकिलाचे भाषण होईल. खोल, कोरड्या, तळ नसलेल्या वाळूत तो जिंकतो. खोल मऊ बर्फात जिंकतो. आइसलँडमध्ये हिमनद्यांवर जाणाऱ्या गाड्यांना अडतीस इंच आणि त्याहून मोठे टायर लावतात आणि हवा चार-पाच पाउंडांपर्यंत, कधी त्याहूनही खाली आणतात. पण त्यासाठी त्या गाड्यांची मडगार्डे कापलेली असतात, गिअर बदललेले असतात. ती एक वेगळीच गाडी झालेली असते. आणि गुळगुळीत कोरड्या डांबरावर वेगाने वळण घेताना आडवे पोस्टकार्ड उभ्यापेक्षा बरे, म्हणून शर्यतीच्या मोटारींना रुंद टायर असतात. आमच्या डॉक्टरांच्या तालुक्यात हिमनदी नाही, आणि रुग्णाला घेऊन शर्यत लावायचा त्यांचा विचार नसावा.

आता डांबरी रस्त्याकडे येऊ. वाडीवरचा कच्चा रस्ता चार-सहा किलोमीटरांचा असतो. तिथून जिल्ह्याच्या इस्पितळापर्यंतचा पन्नास-साठ किलोमीटरांचा रस्ता डांबरीच असतो आणि पावसाळ्यात त्यावर पाणी असते. टायरला ते पाणी बाजूला सारून खाली रस्ता शोधावा लागतो. रस्त्यावर दोन मिलिमीटर पाणी आहे आणि गाडी ताशी ऐंशीने जात आहे असे धरा. पंधरा सेंटिमीटर रुंद ठशाला दर सेकंदाला साडेसहा लिटरांहून अधिक पाणी हटवावे लागते. साडेअठरा सेंटिमीटरच्या ठशाला आठ लिटरांहून अधिक. हटवता आले नाही तर टायर पाण्यावर चढतो, आणि मग स्टिअरिंग आणि ब्रेक ही नुसती शोभेची वस्तू होते.

अमेरिकेच्या नासा संस्थेतील संशोधकांनी विमानांच्या टायरांवर प्रयोग करून १९६३ साली यासाठी एक साधा नियम मांडला. टायरमधल्या हवेच्या पाउंडांचे वर्गमूळ काढून त्याला सुमारे १६.७ने गुणले, की ज्या वेगाला घासलेला टायर भरपूर पाण्यावर तरंगू लागतो तो ताशी किलोमीटरांतला वेग मिळतो. ३६ पाउंडांना १००, २५ पाउंडांना ८३, आणि १४ पाउंडांना अवघा ६२. आडव्या, आखूड ठशाचा टायर याहूनही लवकर उचलला जातो. या नियमातून दोन गोष्टी वाचकांनी मनाशी बांधून ठेवाव्यात. चिखलात चौदा पाउंडांवर आणलेली हवा डांबरावर येताच पुन्हा भरलीच पाहिजे. नाहीतर ज्या युक्तीने वाडीवर वाचवले, तीच मोठ्या रस्त्यावर मारील. मऊ टायर वेगात तापून फाटतो, आणि जोरात वळण घेतल्यास रिमवरून सुटतो, तो भाग निराळाच. दुसरी गोष्ट नक्षीची. कायद्याने मोटारीच्या टायरची नक्षी १.६ मिलिमीटरपेक्षा कमी असू नये. पण कायद्याची किमान मर्यादा आणि पावसाची गरज या दोन गोष्टी एक नव्हेत. पस्तीस टक्क्यांवर पास झालेला विद्यार्थी पास असतो, एवढेच.

रुंदीबरोबर आणखी काय काय घरात येते, तेही पाहू. १९५/८०च्या जागी २३५/७५ बसवला, तर चाकाचा व्यास ६९३वरून ७३३ मिलिमीटरवर जातो. जवळजवळ सहा टक्के वाढ. गाडी वीस मिलिमीटर उंच होते, हा फायदा मान्य. पण आता वेगदर्शक काटा १०० दाखवील तेव्हा गाडी जवळपास १०६ने जात असेल. चढावर चाकाला मिळणारा जोर तितकाच कमी होईल, म्हणजे पूर्वी दुसऱ्या गिअरमध्ये चढणारा घाट पहिल्यात चढावा लागेल. त्याच ब्रेकला मोठे आणि जड चाक थांबवावे लागेल. मूळ रिम साडेपाच इंच रुंद. २३५च्या टायरला निदान सहा इंची रिम लागते, म्हणजे रिमही बदलणे आले. रिम बाहेर काढून बसवली की बेअरिंगवर ताण, आत बसवली की पूर्ण वळणावर टायर घासणार. जादा पेट्रोल, जड स्टिअरिंग आणि खड्ड्यातला दणका हे वेगळे. वर १९८८च्या मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ आहे : कारखान्याने ठरवलेल्या आणि नोंदणीपत्रात लिहिलेल्या गोष्टींशी विसंगत फेरफार गाडीत करता येत नाही. अपघातानंतर विमा कंपनीचा माणूस येतो, तेव्हा त्याच्या हातात टेप असते. तो रुबाब मोजत नाही.

तेव्हा डॉक्टर, तुम्हाला माझे सरळ सांगणे असे आहे.

रुंदी १९५च ठेवा. बदलायचीच असेल, तर त्याच रिमवर बसणाऱ्या २१५/७५च्या पुढे जाऊ नका. त्यात व्यास अवघा दहा मिलिमीटरने वाढतो आणि वरची बहुतेक दुखणी टळतात. पण तेही गाडी बनवणाऱ्यांकडून विचारून घेतल्यावरच. जे पैसे रुंदीवर घालणार होता, ते नक्षीवर घाला. डांबर आणि कच्चा रस्ता दोन्हीसाठी केलेले, मोकळ्या नक्षीचे आणि मजबूत कुशीचे टायर त्याच मापात घ्या. चारही एकदम घ्या आणि स्टेपनीही त्याच मापाची ठेवा. चारही चाकांना जोर देणाऱ्या गाडीत दोन चाके एका व्यासाची आणि दोन दुसऱ्या व्यासाची असली, तर गिअरपेटीच्या आत भांडण लागते.

गाडीत दोन वस्तू कायम असू द्या : हवा मोजायचे चांगले गेज आणि बॅटरीवर चालणारा छोटा पंप. दोन्हींची मिळून किंमत एका टायरपेक्षा कमी होईल. नेहमीची हवा दाराच्या चौकटीवरच्या पट्टीवर लिहिलेली असते तितकी. टायर थंड असताना मोजायची. कच्चा रस्ता सुरू झाला की अठरा-वीस पाउंडांवर आणा आणि हळू चालवा. फारच मऊ लागले तर पंधरापर्यंत. डांबर लागले की थांबा आणि पुन्हा भरा. पंपाला वेळ लागतो, हे खरे. मागच्या सीटवर कोणी कण्हत असताना ती मिनिटे लांब वाटतील. म्हणून ही गोष्ट एखाद्या रिकाम्या रविवारी, उजेडात, आपल्या नेहमीच्या वाटेवर करून पाहा. कोणत्या वाडीला किती हवा लागते, हे वहीत लिहून ठेवा. कोणत्या रुग्णाला औषध किती, हे तुम्ही लिहिताच; तसेच हे.

आणखी एक. चार चाकांचा जोर गाडीला पुढे न्यायला असतो, थांबवायला नव्हे. दोन चाकांच्या गाडीला ब्रेक चारच असतात आणि चार चाकांच्या गाडीलाही चारच. निसरड्या उतारावर तुमची गाडी शेजाऱ्याच्या साध्या मोटारीइतकीच घसरते. फक्त ती तिथपर्यंत पोहोचते, एवढाच फरक. आणि ओढ्याला लोंढा असेल, तर १९५ काय आणि २३५ काय. तिथे अलीकडच्या काठावर थांबून रुग्णाला पलीकडच्या रुग्णवाहिकेपर्यंत नेण्याची दुसरी वाट आधीच ठरलेली असावी. गावातल्या चार धडधाकट पोरांचे फोन नंबर आणि एक डोली, ही अशा जागी उत्तम टायर आहेत.

बाकीच्या वाचकांपैकी बहुतेकांना वाडीवर जायचे नसेल. पण दिवाळीत गावाला जायचे असेल, घाट उतरायचा असेल, गाडीत पोरेबाळे आणि डिक्कीत फराळाचे डबे असतील. आकाशकंदील लावायच्या आधी एकदा पेट्रोलपंपावर जाऊन चारही चाकांची हवा मोजून घ्या, आणि पाचव्याचीही. स्टेपनीची आठवण आपल्याला नेमकी रात्री, पावसात, घाटात होते. नक्षी किती उरली आहे, तेही वाकून पाहा. आपल्यापैकी किती जणांनी गाडी घेतल्यापासून टायरकडे वाकून पाहिले असेल? रंग पुसतो, आरसे पुसतो, पुढे लिंबू-मिरची बांधतो. आणि ज्या चार पोस्टकार्डांवर सगळा भार, ती तेवढी वाचायची राहतात.

सरड्याची धाव कुंपणापर्यंत, असे म्हणतात. गाडीची धाव तिच्यातल्या हवेपर्यंत. ती किती रुंद आहे, हे लोक बघतात. तिच्यात हवा किती आहे, हे आपण बघावे.